पूर्णिमाचा मुराळी

लोटूची टोळी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर रुसली तेव्हाच आम्ही ओळखलं, यंदा निंब्याची मजा होणार.

निंब्याची केळीची बाग कापणीला आलेली. घड असे भरलेले की बांबूचा टेकू देऊनही झाडं कमरेतून वाकलेली. डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि दुपार कलली की तापीकडून वारा सुटायचा, तो पानांच्या चिंध्या करून जायचा. वारा वाढला तर बाग आडवी. नाही वाढला तर घड झाडावरच पिवळे. पिवळ्या घडाला व्यापारी हात लावत नाही, गुरांना घाला म्हणतो. व्यापाऱ्याचा ट्रक ठरलेला, आणि लोटू म्हणतो आम्ही येत नाही.

लोटू म्हणजे कापणीच्या टोळीचा म्होरक्या. कापणारे त्याचे, खांद्यावर घड वाहणारे त्याचे, खोक्यात फण्या भरणाऱ्या बायाही त्याच्याच. खकनारच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना जेवढ्या बागा आहेत, तेवढ्या त्याच्याच कोयत्याखालून जातात. रुसायला कारणही तसंच होतं. मागच्या कापणीला निंब्याच्या आईनं, रंभाबाईनं, बांधावर उभं राहून टोळीतल्या एकेकाचं गाठोडं सोडायला लावलं होतं, केळी चोरतात म्हणून. लोटूच्या गाठोड्यातून त्याचा फाटका लंगोट निघाला. सगळ्या बाया हसल्या. आम्हीही हसलो, खोटं कशाला सांगू.

कडूच्या चहाच्या टपरीवर निंबा आला तेव्हा लोटू बाकड्यावर पाय पसरून बसला होता. त्यानं पाय घेतले नाहीत.

"लोटूभाऊ, ट्रक येऊन राह्यला."

"येऊ दे ना. आमी कुठी ट्रकले नाई म्हणतो?"

"अन माल कोन कापंल?"

"तुझी माय हाये ना. तिची नजर लई तेज. तिले दे कोयता."

बाकड्यावरचे सगळे खोकले. निंबा उभाच. कडूनं त्याला चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच प्यायला आणि निघून गेला. त्याची चप्पल मागून तुटलेली होती, चालताना फटक फटक वाजत होती.

आता घर सांगतो. घरात रंभाबाई, निंबा, त्याची बायको पूर्णिमा आणि दोन वर्षांची पोरगी स्नेहल. पूर्णिमा बंगालन. निंब्याला बरीच वर्षं कोणी पोरगी दिली नव्हती. ज्याच्या घरावर धड पत्रा नाही तो बापसुद्धा म्हणायचा, शेतकऱ्याला देत नाही, बऱ्हाणपुरात नोकरीवाला पाहिजे. शेवटी नेपानगरचा एक दलाल कूचबिहारकडून हिला घेऊन आला. आली तेव्हा काडीसारखी होती, आणि भाकरीकडे असं बघायची की जणू ते खायचं नसून पांघरायचं आहे.

लग्न तर लावलं पाहिजे, आणि लग्नाला कन्यादान करायला आईबाप पाहिजेत. आमच्याकडे अशा वेळी धर्माचा बाप बसवतात. किराणावाला सुधाकर आणि त्याची बायको अलका, दोघं पाटावर बसले, पाणी सोडलं, पोरगी आपली म्हणून दिली. सुधाकरनं फेटा बांधून फोटोही काढून घेतला. नंतर जिथं जिथं पूर्णिमाच्या बापाचं नाव विचारलं, तिथं तिथं सुधाकरचं लागलं. यात लपवायचं काही नव्हतं. सगळ्या गावानं पंगतीला बसून जिलेबी खाल्ली होती.

पूर्णिमाही हुशार. वर्षभरात आमची बोली अशी उचलली की विहिरीवरच्या भांडणात लोटूच्या बायकोला तिनं मागं सारलं. एकच गोष्ट तिला जमली नाही. आखाजीला गावातल्या सगळ्या लेकी-सुनांना माहेरचं बोलावणं येतं, भाऊ न्यायला येतो, त्याला आम्ही मुराळी म्हणतो. तिला कोणी यायचं नाही. बाया म्हणायच्या, "काय वं पूर्णे, तुझा मुराळी रेल्वेत झोपला का?" ती हसायची आणि घागर उचलायची.

त्या दिवशी निंबा टपरीवरून घरी गेला तेव्हा पूर्णिमाच म्हणाली, "माझा भाऊ हाये सुरतले. काम सुटलं त्याचं. बोलवू का? फुकट करंल. जेवाले द्या फक्त."

रंभाबाई जात्याजवळ बसली होती. म्हणाली, "म्हंजे मुराळी येतो म्हन. नेतो कुठी बाईले? कलकत्त्याले?"

"नेत नाई आत्याबाई. घड वाहतो."

"मंग येऊ दे."

*

निरंजन खकनारच्या बसमधून उतरला. बारीक अंगाचा, विशीतला, पाठीवर एक शाळेच्या दप्तरासारखी बॅग. पूर्णिमा रस्त्यापर्यंत गेली होती. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. तिनं त्याच्या डोक्याचे केस धरून हलवले. आम्ही टपरीवरून बघत होतो.

दारात रंभाबाईनं त्याच्या पायांवर लांबूनच पाणी टाकलं.

"मासे खातो का रे?"

"खाता है मौसी. मिलता है तो खाता है."

"मंग तुझी ताटली वायली. अन झोपायचं गोठ्यात. म्हशीले भिऊ नको, ती शाकाहारी हाये."

तो हसला. त्याला वाटलं, थट्टा चालली आहे. तसा तो पटकन हसणारा पोरगा होता. कोणी काही बोललं की आधी हसायचा, मग समजून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून निंबा कापणीला लागला. कापणाऱ्यानं कोयत्यानं झाडाच्या मानेवर घाव घालायचा, झाड हळूच खाली वाकतं, वाहणाऱ्यानं खांद्यावर स्पंजची गादी ठेवून घड झेलायचा, मग दांडा तोडायचा. घड जमिनीला टेकला की साल काळी पडते. व्यापारी डाग असलेला माल बाजूला फेकतो. खांद्यावर ओझं असतं, वरून चीक गळतो, आणि पायाखाली चिखल. सोपं दिसतं.

पहिला घड निरंजनच्या खांद्यावर आला आणि त्याचे गुडघे वाकले. घड सुटला, फण्या फुटून ओल्या वाफ्यात पसरल्या. निंब्यानं कोयता खोडात रुतवला, दोन पावलं पुढं आला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. असा आवाज आला की बांधावर झोळीत झोपलेली स्नेहल जागी झाली.

पूर्णिमा थोड्या अंतरावर ताडपत्रीच्या हौदात तुरटीच्या पाण्यात फण्या धुवायला बसली होती. तिनं वर बघितलं. मग हातातली फणी उलटी करून दुसऱ्या बाजूनं धुतली.

"पडला की मरतो माल," निंबा म्हणाला. "समजलं का?"

"समझा, जामाईबाबू."

"जामाईबाबू नाई. दाजी म्हण. अन घड खाली ठेवू नको, मी सांगेपर्यंत. हाडं मोडली तरी ठेवू नको."

"नहीं रखेगा, दाजी."

मग त्यानं नाही पाडला. दुपारपर्यंत त्याच्या उजव्या खांद्याची कातडी सोलून निघाली, गादी रक्तानं चिकटली. ती काढताना तो दात आवळायचा. पूर्णिमानं हळद लावायला बोलावलं तर रंभाबाई बांधावरून ओरडली, "हळद घरची हाये, बंगालातून आली नाई. आधी माल धू." त्यानं खांदा बदलला. संध्याकाळी डावाही तसाच झाला. अंगावर चिकाचे डाग पडले, ते आधी पाण्यासारखे दिसतात, सकाळी उठून बघावं तर काळे. कपड्याचे जात नाहीत, कातडीचे जायला आठवडे लागतात.

तरी सांगतो, त्या घरात त्या दिवसांत थोडं बरं चाललं होतं. दुपारी जेवताना पूर्णिमा त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलायची, भराभरा, जणू बऱ्याच दिवसांचं तुंबलेलं पाणी. स्नेहल त्याच्या मांडीवर बसून त्याच्या ताटलीतला भात खायची. रंभाबाईनं ते बघितलं आणि पोरीला उचलून नेलं, पण दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा तिथंच. निंबाही एकदा म्हणाला, "पोरगा दमत नाई साला." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

लोटूला मात्र झोप येईना. टोळीशिवाय बाग कापली गेली तर उद्या दुसरा कापेल, परवा तिसरा. टपरीवर तो चहा बशीत ओतायचा आणि तसाच ठेवायचा.

*

एका संध्याकाळी निंब्यानं निरंजनला बिड्यांचं बंडल आणायला टपरीवर पाठवलं. लोटूनं त्याला येताना बघितलं आणि बाकड्यावरचे पाय आपणहून खाली घेतले.

"या या, मुराळी, बसा. कडू, पाहुण्याले चहा."

निरंजन बसला. खांदे दुखत होते म्हणून ताठ बसला होता.

"तुमच्याकडे काय पिकतं, पाहुणे?"

"धान. पाट, मतलब जूट. केला भी होता है थोड़ा."

"केळं खाता?"

"केला भी खाता है, फूल भी खाता है. मोचा बोलता है उसको. माँ बहुत अच्छा बनाता है."

आम्ही हे पहिल्यांदाच ऐकलं. केळीचं कमळ आमच्याकडे कापून बांधावर फेकतात, गाय खाईल नाहीतर सडेल. लोटूनं टोळीतल्या एकाला पाठवलं, तो रस्त्यापलीकडच्या बागेतून मोठं जांभळं कमळ घेऊन आला.

"घ्या पाहुणे. तुमचा मेवा."

"ये कच्चा है. पकाना पड़ता है."

"आमच्याकडे मुराळ्यानं मान घेतलाच पायजे. नाई घेतला तर बहिणीले वाईट असतं."

आता असला काही रिवाज आमच्याकडे नाही. पण सगळे इतके गंभीर बसले होते की कडूसुद्धा हात पुसत पुढं आला. निरंजननं एकेकाकडे बघितलं. बहिणीला वाईट म्हटल्यावर त्यानं पाकळी मोडली आणि चावली. मग दुसरी. चीक ओठांवरून हनुवटीवर आला, डोळ्यांत पाणी आलं, घास घशात अडकला. लोटू म्हणायचा, "अजून एक, बहिणीच्या नावानं." सासूच्या नावानं, भाचीच्या नावानं, म्हशीच्या नावानं. म्हशीच्या नावानं खाल्ल्यावर मात्र कोणाला राहवलं नाही. सगळी टपरी हसली आणि निरंजनही हसला, तोंड वेडंवाकडं करून.

हसण्याहसण्यात लोटूनं विचारलं, "घर कुठी तुमचं? बॉर्डरजवळ म्हन?"

"एकदम बॉर्डर. घर के पीछे तार है."

"अन शेत?"

"खेत तार के उस पार."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

निरंजनला वाटलं, नीट समजलं नाही यांना. तो हातवारे करून सांगायला लागला. तार खऱ्या हद्दीवर नाही, अलीकडे घातली आहे. मधली जमीन आपलीच, इंडियाची. सकाळी जवान गेट उघडतो, कार्ड जमा करून बैल आत न्यायचे, संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत बाहेर यायचं. एकदा बाप आतच राहिला तर रात्रभर धानात बसून होता. त्यानं हे सगळं मजेशीर म्हणून सांगितलं. पण आम्हाला तेवढंच ऐकू आलं, शेत तारेच्या पलीकडे.

तो बिड्या घेऊन गेला. ओठ काळे व्हायला लागले होते.

त्या दिवसांत मोबाइलवर पोलिसांचा एक नंबर फिरत होता, परदेशी संशयित दिसला तर कळवा म्हणून. लोटूनं मोबाइल काढला.

"जाऊ दे भो," कडू म्हणाला. मग म्हणाला, "स्पीकरवर टाक."

तिकडून विचारलं, आप कौन बोल रहे हैं? लोटूनं आम्हाला डोळा मारला आणि निंब्यासारखा नाकात आवाज काढून म्हणाला, "मैं निंबा बोल रहा, साब. मेरे खेत में एक बांगलादेशी घुसा है." गाव सांगितलं, शेताची वाट सांगितली, वर म्हणाला, "जल्दी आना साब, मेरी घरवाली को डर लगता है."

कडू हसता हसता भट्टीवर पडता पडता वाचला. लोटूची नक्कल म्हणजे अस्सल, निंब्याच्या आईनंही ओ दिली असती. आम्हाला वाटलं, फार तर कोणी फोन करून निंब्याला झापेल. गाडी येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण आली असती तरी फोन केलाच असता, हेही खरं.

*

गाडी आली ती आखाजीच्या आदल्या सकाळी. ट्रक बांधाला लागलेला, निम्मा भरलेला, ड्रायव्हर स्टिअरिंगवर पाय टाकून झोपलेला. धूळ दिसली तसे आम्ही सगळे रस्त्याच्या मोरीवर जाऊन उभे राहिलो. सुधाकरही दुकान उघडं टाकून आला, काय आहे बघायला.

साहेब उतरला, मागून हवालदार. गोरटेला साहेब होता, उन्हानं लाल झालेला.

"निंबा कौन है?"

"मी, साहेब."

साहेबानं हात पुढं केला. "शाबाश. तुमने फोन किया, अच्छा किया. ऐसे लोग हों तो हमारा काम आसान हो जाए."

निंब्यानं हात दिला आणि साहेबानं बोटाला लागलेला चीक बघून रुमाल काढला. निंब्याला काहीच कळलं नव्हतं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब म्हणाला, "किधर है वो बांगलादेशी?"

हौदापाशी पूर्णिमा उठून उभी राहिली. आधी साहेबाकडे, मग नवऱ्याकडे बघायला लागली. तुरटीचं पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं.

निंब्यानं मोरीकडे बघितलं. लोटू टाचा उंच करून बघत होता, देवळातल्यासारखे हात जोडून. निंब्याला तिथंच समजलं कोणी केलं ते. निंबा मूर्ख नाही. पण फोन मी केला नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, मग हा इथं कोणी ठेवला, आणि तुझा कोण लागतो?

"हो साहेब," निंबा म्हणाला. "मीच केला."

त्या वेळी निरंजन बागेतून बाहेर येत होता, खांद्यावर घड. गाडी बघून थांबला. हवालदारानं त्याला हातानं पुढं बोलावलं. तो आला आणि घड घेऊन उभाच राहिला, कारण दाजीनं सांगितल्याशिवाय खाली ठेवायचा नव्हता.

साहेबानं त्याचे काळे ओठ बघितले. "ये क्या खाता है?"

"केले का फूल, साहेब," मोरीवरून लोटू म्हणाला. "कच्चा."

कार्ड मागितलं. निरंजननं एका हातानं घड सांभाळत दुसऱ्यानं खिशातून काढून दिलं. साहेबानं ते उन्हात धरलं, नखानं खरवडलं. "ऐसे कार्ड तो बाजार में मिलते हैं. घर किधर है?"

"कूचबिहार. बॉर्डर के पास."

"खेत है?"

"है."

"किधर?"

निरंजन खरं बोलला. "तार के उस पार."

"लो," साहेब हवालदाराला म्हणाला.

तेव्हा त्याला काय चाललं आहे ते समजलं असावं. खांद्यातून रक्ताचा ओघळ छातीवर आला होता. तो म्हणाला, "साब, वो मेरा दिदि है. मेरा अपना दिदि. उसको पूछो ना."

साहेब पूर्णिमाकडे वळला. "तू कहाँ की है?"

ती बोलायच्या आधी सुधाकर पुढं आला. फेटा नव्हता, पण चालत असा आला की जणू बांधला आहे. "माझी पोरगी हाये साहेब. कन्यादान मी केलं. सगळं गाव गवाह."

"और ये तुम्हारा लड़का?"

"नाई नाई. मले पोरीच हायेत."

साहेब हसला. "देखो, सीधी बात है. लड़की यहाँ की है, तो ये इसका भाई नहीं. और ये भाई है, तो लड़की भी वहीं की, और तुम सब झूठे. बोलो, एक को ले जाऊँ या दोनों को?"

ट्रकचा ड्रायव्हर जागा होऊन खिडकीतून मान काढून बघत होता. रंभाबाई बांधावरून उठली. पूर्णिमाच्या पायाशी उभ्या असलेल्या स्नेहलला तिनं बखोट धरून उचललं आणि कमरेवर घेतलं.

"पोरगी आमची हाये," ती सुनेला म्हणाली, फार मोठ्यानं नाही. "तुले जायचं तर जाय. दूध तसंही सुटलंच हाये तिचं."

पूर्णिमानं निंब्याकडे बघितलं. निंबा खोडात रुतलेला कोयता काढायला गेला होता, आणि तो काही निघत नव्हता.

"काय विचारता साहेब," पूर्णिमा म्हणाली. इतकं साफ, इतकं आमच्यासारखं की अंगावर काटा आला. "हा कुठला माझा भाऊ? मजुरीले आलता. असे लई येतात, दीदी म्हणतात, ताई म्हणतात, भाकर मागतात. मी नाई ओळखत याले."

हवालदार हसला. "साब, ये तो पक्की इधर की है. मेरी बीवी ऐसा ही बोलती है."

निरंजनही आधी हसला. सवयीनं. मग त्याला समजलं. बहिणीनं काय म्हटलं ते शब्दाशब्दानं कळलं नसेल, पण मान कशी हलवली ते कळलं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि खांद्यावरचा घड एका बाजूला कलला.

"अरे अरे," निंबा धावला. त्यानं दोन्ही हातांनी घड अलगद उतरवून घेतला, एकही फणी न दुखवता, आणि हौदाजवळ पानांवर ठेवला.

मग त्याला नेलं. गोठ्यातली बॅग कोणी आणून दिली नाही. गाडीत बसताना तो फक्त एवढंच म्हणाला, "दाजी, तुमने फोन किया?"

निंबा साहेबाकडे बघून म्हणाला, "हो."

*

आखाजीच्या दिवशी दुपारी वारा आला. बागेच्या वरच्या अंगाची झाडं मुळासकट आडवी झाली. उरलेली उभी होती, पण किती वेळ, हे सांगता येत नव्हतं. निंबा लोटूच्या दारात गेला. लोटू घोंगडीवर पुरणपोळी खात बसला होता. त्यानं निंब्याला बस म्हटलं नाही.

"येतो," म्हणाला. "पण गाठोडं कोणी सोडायचं नाई. अन तुझ्या मायनं माझ्या पोरांले सोताच्या हातानं पाणी द्यायचं."

"देईल."

"अन निंब्या, फोन करून राह्यला तर आधी सांगत जाय ना भो. आमी नवीन कपडे घालून आलो असतो."

निंबा खाली बघत राहिला. लोटूला खोटा पाडला असता तर टोळी आली नसती.

घरात त्यानं बायकोला सांगितलं, असं अलका विहिरीवर सांगत होती. दोन्ही घरांची भिंत एकच आहे, सगळं ऐकू येतं. म्हणाला, मी नाही केला फोन, लोटूनं केला. पूर्णिमा म्हणाली, "मंग साहेबाले हो कायले म्हटलं?" तो म्हणाला, तुझ्यासाठी. त्यावर ती हसली. अलका म्हणत होती, असलं हसणं तिनं कधी ऐकलं नाही, वाटलं भांडं पडलं.

आम्ही काही पूर्णिमाला जाऊन खरं सांगितलं नाही. आम्ही कशाला सांगू?

टोळी आली. रंभाबाईनं तांब्यानं एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. लोटू मुद्दाम हळूहळू प्यायला, परत परत ओंजळ पुढं केली. पूर्णिमा हौदावर बसून फण्या धूत होती. बोलायची, हसायचीही, बायांच्या थट्टेला तशीच थट्टा करायची. आखाजीच्या झोक्याला ती सुधाकरच्या अंगणात गेली होती, अलकानं तिला लेक म्हणून साडी दिली, आणि हवालदार चहाला आला तेव्हा सुधाकरनं तिला मुद्दाम बाहेर बोलावून बशी द्यायला लावली. ती गेली, बशी दिली, पदर सावरला. कोणाला काही बोलायला जागा ठेवली नाही तिनं.

बाग संपत आली होती. ऊन तसंच. टोळी जेवायला बसलेली, निंबा खोक्यांना दोरी बांधत होता. हौदाच्या काठीला टांगलेल्या पिशवीत पूर्णिमाचा मोबाइल वाजला. जुना फोन, कानाला लावून ऐकू यायचं बंद झालेलं, स्पीकरवरच चालायचा. तिनं हात लुगड्याला पुसून तो बाहेर काढला. नंबर बघितला. लांबलचक होता, आपल्याकडचा नव्हता. तिनं बटण दाबलं.

"दिदि."

टोळीतल्या बायांच्या भाकरी तोंडाशीच थांबल्या. तो बंगालीत बोलत होता, भराभरा, मधून श्वास तुटत होता. आम्हाला काय कळणार? एवढंच कळलं की मागं कोंबडे ओरडत होते, आणि तो 'तार' म्हणाला, आणि 'ओपार' म्हणाला, आणि परत परत 'दिदि'. नंतर 'दाजी' म्हणाला. तो शब्द त्याला निंब्यानंच शिकवला होता. एकाच्या कानात दुसऱ्यानं सांगितलं, "तारेपलीकडे, बांगलादेशात ढकलला वाटते त्याले." लोटूनं भाकरीचा तुकडा मिरचीच्या ठेच्यात बुडवला.

"कोन हाये वं वहिनी?"

निंब्याच्या हातातली दोरी थांबली. रंभाबाईनं स्नेहलला जवळ ओढलं.

"राँग नंबर," पूर्णिमा म्हणाली.

फोनमधून आवाज चालूच होता. तो आता रडत नव्हता, काहीतरी समजावून सांगत होता, जसं टपरीवर आम्हाला समजावून सांगितलं होतं, हळूहळू, प्रत्येक शब्द सुटा करून. आणि ती ऐकत होती. सगळी टोळी तिच्याकडे बघत होती.

"राँग नंबर हाये तर बंद कर ना," लोटू म्हणाला. "बॅटरी जाते."

तिनं एकेकाकडे बघितलं. लोटूकडे, टोळीकडे, शेवटी नवऱ्याकडे. निंबा दोरीची गाठ मारत होता, मारलेल्या गाठीवर परत मारत होता.

तिनं फोन बंद केला. मागचं झाकण काढून बॅटरी उपसली, दोन्ही पिशवीत टाकलं आणि हौदाशी बसली.

"घड आना लौकर," ती म्हणाली. "चीक वाळून राह्यला."